लाडूसाठी खोली

गुरांच्या दवाखान्यात बाकावर जागा होती, तरी पंडितसर मांजराची टोपली घेऊन दारातच उभे राहिले. बाकाशी काळाकभिन्न रॉटवायलर कुत्रा होता. त्याचा मालक भूषण आणि वासरू बाहेर बांधून आलेले फैजपूरचे जीवरामनाना बोलत होते.

"याचं नाव काय रे भाऊ?"

"लाडू."

"एवढ्या धुडाचं?"

"तुम्हीही सुरू झालात, नाना? पिंप्राळ्यात कॉलनीनं बजावलंय, रविवारपर्यंत कुत्रा घालवा, नाहीतर घर खाली करा."

"कोणाले चावला?"

"कोणालाच नाही! म्हणे याची जातच चावरी. असला कुत्रा पाळणारा पोरगाही गुंडच असणार. आईला हळदीकुंकवाचं बोलावणंसुद्धा बंद झालंय."

"मूर्ख लोक! मले दे. चोरटे बागेतून केळीचे घड कापून नेतात. असाच खुनशी पाहिजे."

"खुनशी नाही हो. त्या मांजराला घाबरून बाकाखाली शिरलाय."

"काय सांगतो! अरे, हा तर हात चाटतोय. मग याचा काय उपयोग?"

"चावणाराच पाहिजे, तर आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांचा पामेरियन मागा. तिघांना चावलाय."

"त्याले नाही काढत कोणी?"

"त्याला म्हणतात, लाडात येतो."

"हं. मग याचं काय करशील?"

"याला कुठं द्यायचंच नाहीये, नाना. आम्हीच भाड्याचं घर शोधतोय. तुमच्या गावात खोली मिळेल? मी, आई आणि हा."

"माझीच रिकामी हाये. ये रविवारी. पण गावात कोणी याची जात विचारली, तर गावठी सांगजो."