खामकाठी बसायची माझी आई

आम्ही मूळचे गंगापूरकडले, बौद्धवाड्यातले. धाकटी सखू पोटात असतानाच बाप गेला. म्या तवा आठेक वर्सांची. मोठा दुष्काळ पडला, आई खडी फोडायला जायची, सखूला झुडपाच्या सावलीत ठेवायची, माशा वारायला म्या. एक दिस आई तापानं पडली, सखूचंबी अंग भाजाया लागलं, तवा माझी आत्या म्हणली, वहिनी, लेकराला शहरातल्या दवाखान्यात नेते. नेलं. आली ती रिकाम्या हातानं, म्हणली पोर गेली, खाम नदीच्या काठी पुरून आले.

काय सांगू तुम्हाला, पुढं आम्ही शहरातच आलो, सिडकोत घरं उठत व्हती, आई डोक्यावर घमेली वाहायची अन् सुट्टी मिळाली की खामकाठी जाऊन बसायची. नदी कसली, नाला झालता तिचा, लोक नाक दाबून जायचे, ही बसायची. नेमकी जागा कुठली म्हणून आत्याला विचारायची, अन् आत्या बोट दाखवायची. बोट दाखवायची हो! मरंस्तोवर गेली आई तिथं.

आई गेल्यावर आत्या म्हणली, सखू मेली नव्हती, गुलमंडीमागं एक मास्तरीणबाई व्हती, मूल नव्हतं तिला, तिच्या वटीत घातली. म्या वरडले, आई जिती असताना का नाय सांगितलं? तर म्हणती, परत मागाया गेली असती ना ती! तुमच्यात जगली असती का पोर? खायला व्हतं काय? खरंच व्हतं ते, म्हणून तर जास्तच राग येतो.

गुलमंडीमागची गल्ली रस्तारुंदीत अर्धी पडलेली. पिठाच्या चक्कीवाले चाचा म्हणले, मास्तरीणबाई तो गुजर गयी, बेटी गारखेडे में रहती. गेले. दार उघडलं अन् आईच उभी, तेच नाक, तीच हनुवटी, फक्त चष्मा. सगळं सांगितलं. ती दारातच म्हणली, दत्तक आहे ते ठाऊक आहे मला. नको होते म्हणून टाकलं ना तुम्ही, आता कशाला आलात?

असा संताप आला! म्हणलं, टाकलं? चल, चप्पल घाल. आली कशी कोण जाणे. रिक्षानं खामच्या पुलावर नेलं, म्हणलं, हितं बसायची ती, तुझ्या मढ्याशी बोलत. तिनं कठडा धरून खाली वाकून पाहिलं. मंग हळूच म्हणली, काय बोलायची?

आता येती अधूनमधून, ताई म्हणती, जेवून जाती. सुखात राहो माझी बाय. आत्या अजून जिती हाय, सखूला तिला भेटायचंय. भेट म्हणलं, तुझा जीव वाचवला असंल तिनं. म्या नाय येणार. तिच्या मातीलाबी नाय.