ओट्यामागचा गारवा

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो. मायेपोटी आपण एखाद्याला फसवतो – ते त्याला कळत नसतं, की कळूनही तो गप्प बसतो? खांबाला टेकलेले काका, डोळे उघडा! प्रश्न तुम्हालाही आहे!

तर ऐका. बार्शीत गोदाक्का नावाची बाई होती. वीस वर्षं देशपांड्यांकडे पोळ्या लाटल्या. पोळ्या झाल्या की ओट्यामागच्या टाइल्स ओल्या फडक्यानं पुसायच्या. पांढऱ्या टाइल्स, मधूनमधून निळं फूल. पुढे मोतीबिंदू वाढला, सगळं धुक्यातलं दिसायला लागलं, काम सुटलं. मुलाला म्हणाली, "शशी, लोकांच्या टाइल्स पुसल्या जन्मभर. आपल्या ओट्यामागे बसव की रे!"

शशिकांत दुकानांच्या पाट्या रंगवणारा. आता पाट्या छापून येतात – याला विचारतो कोण! टाइल्स कुठून आणणार? घरात उरलेला रंग होता, हातात कला होती. आईला चार दिवस मावशीकडे धाडलं. सोड्याच्या पाण्यानं भिंतीचा ओशटपणा काढला. पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात दिले. निळीत भिजवलेला दोरा ताणला, सोडला – टप्! सरळ रेघ! आडव्या रेघा, उभ्या रेघा. प्रत्येक चौकोनाच्या खालच्या कडेला राखाडी सावली. मधूनमधून निळं फूल. शेजारच्या सुलभावहिनी डोकावल्या, "अगं बाई! कारागीर कुठला हो?" धडधाकट डोळ्यांची बाई फसली! हसताय काय, तुम्हीही फसला असता!

आई आली. "आई, बसवल्या बघ!"

गोदाक्कानं भिंतीवर तळहात ठेवला. हात जरासा थांबला. मग म्हणाली, "बाई बाई... केवढ्या गार लागतात रे!"

शशी सुटला! मनाशी म्हणाला, खऱ्या बसवीन त्या दिवशी सगळं सांगेन.

दोन वर्षं ती रोज भिंत पुसायची. कोरड्या फडक्यानं! शशी चेष्टा करायचा, "देशपांड्यांच्या ओल्यानं आणि घरच्या कोरड्यानं? आळशी झालीस म्हातारे!"

"घरच्या आहेत ना. जपून वापरते."

श्रावणात ती गेली, मंडळी. पौषात शशीला एका देवळाचं मोठं काम मिळालं. त्यातून टाइल्स आल्या. बघणारी नव्हती, तरी बसवल्या. सकाळी ओट्याशी उभा राहिला, भिंतीला हात लावला – आणि झटकन मागे घेतला! बर्फासारख्या गार!

पेटीवाले, थांबा जरा. इथे सूर नको.

टाइल हाताची ऊब भराभर ओढून घेते, म्हणून ती गार लागते. रंगवलेली चुन्याची भिंत तितकी ओढत नाही. शिवाय बोटांना सांध्याची खाच लागत नाही. वीस वर्षं जिनं खऱ्या टाइल्स पुसल्या, तिच्या तळहाताला हे कळायला किती वेळ लागला असेल? आणि ओलं फडकं? त्यानं रंग उतरला असता!

शशीनं तळहात पुन्हा त्या टाइल्सवर टेकवला. "आई, एकदा तरी बोलायचं होतंस गं!"

बोलायचं कुणी होतं, मंडळी?

खोटं त्यानं चार दिवसांत रंगवलं. तिनं ते दोन वर्षं एकटीनं सांभाळलं. दोघं एका ओट्याशी जेवायची, आणि मध्ये ती भिंत!

तुमच्याही घरात कुणीतरी तुमची अशी एखादी भिंत कोरड्या फडक्यानं पुसत असेल. बायको असेल, बाप असेल. आरती झाली की घरी जा. त्यांचा हात हातात घ्या आणि खरं ते सांगा. तो हात ऊबदार आहे तोवर सांगा.