गमछा वर झाला की

बसा, बसा सगळे. शालू, तू पण भिंतीला टेक जरा. मंडळी, मला भाषण येत नाही. "वहिनींची शाळा दुसरीत सुटली, तोंड मात्र तेव्हापासून चालूच आहे," असं बापूभाऊजी म्हणायचे. आज त्यांच्याच शोकसभेत ते तोंड उघडत नाहीये. नुसतं दुःख नाही हो. लाज वाटतेय.

भाऊजी, आपल्या शालूचा नवरा, म्हणजे दूधविनायक मोहल्ल्यातला सगळ्यात नाचरा माणूस. रेल्वेतून रिटायर झाले, केस पिकले, पण गणपतीत ऑर्केस्ट्रा लागला की हे पोरांच्या मधोमध. आपली गल्ली ती केवढी! दोन सायकली समोरासमोर आल्या तर भांडण होतं. तिथे सगळ्या मोहल्ल्याची पोरं उड्या मारतायत, खांद्यावर खांदे आपटतायत. मी म्हटलं, "भाऊजी, हा नाच आहे की कुस्ती?" तर म्हणाले, "वहिनी, कुस्तीत पाडतात. इथे पडलेल्याला उचलतात."

आणि खरंच. कोणी पडलं की भाऊजी खांद्यावरचा लाल गमछा वर धरायचे. जो जिथे, तो तिथे थांबला! गाणारा गाईना का. पडलेल्याला उचलायचं, धूळ झटकायची, गमछा खाली, की पुन्हा धुडगूस.

मी पण घुसले होते एकदा. हसू नका. बरं हसा, भाऊजींना आवडेल. माझा नातू मुन्ना नाचत होता, मला राहवेना. कोणाच्या तरी चपलेवर पाय पडला आणि मी आडवी. गमछा वर! पोरांनी मला उचललं ते खाली ठेवलंच नाही. डोक्यांवरून, या हातातून त्या हातात, थेट आमच्या चबुतऱ्यावर. लग्नातसुद्धा मला कोणी इतकं जपून नेलं नव्हतं. सूनबाई चिडली. मी आपली कितीतरी दिवस हसत होते.

मग यंदा काय झालं? भाऊजी छातीला हात लावून खाली बसले. गमछावालाच खाली! मुन्नाने त्यांच्याच खांद्यावरचा गमछा काढून वर धरला. सगळी पोरं थांबली. गल्लीत गाडी येत नाही, हे मी काय सांगायचं? पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि हातोहात मोठ्या रस्त्यापर्यंत पोचवलं. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

आणि आपण? आपापल्या बारजावरून, सज्जातून, आपण काय ओरडलो? "मारलं रे मेल्यांनी! म्हाताऱ्याला फेकतायत!" पहिला आवाज कोणाचा? माझा. जिला त्याच हातांनी उचलून नेलं होतं, तिचा.

डॉक्टरांचं ऐकल्यावर तरी बोलायचं होतं. मंडळाचे अध्यक्षसाहेब म्हणाले, "ह्या पोरांनी खांदा द्यायचा नाही." मुन्ना माझ्याकडे बघत होता. मी पदर तोंडाला लावून गप्प. घाटापर्यंत पोरं मागे मागे आली, चोरासारखी. भाऊजींना शेवटचं या पोरांच्याच हातावरून जायचं होतं हो. आपण जाऊ दिलं नाही.

आत्तासुद्धा ती बाहेर पायऱ्यांवर उभी आहेत. आतून कडी घातलीय. अध्यक्षसाहेब, तुम्ही माझ्या डोळ्यांसमोर रांगलात, म्हणून सांगते, कडी काढा. शालू, तुझं काय म्हणणं? बघा, मान हलवली तिने. आता काढा.

या रे, या. जागा कमी आहे, धक्के देतच या. मुन्ना, मागे नको लपूस. माझं चुकलं, बाळा. ज्यांच्यासमोर ओरडले, त्यांच्यासमोरच सांगतेय.

आता भाऊजींसाठी स्तब्ध उभं राहायचं. घड्याळ कोणी बघू नका. शालूने गमछा आणलाय. हा वर झाला की काय करायचं, ते पोरांना ठाऊक आहे. मोठ्यांनी त्यांच्याकडे बघून शिका.

मुन्ना, माझा हात पोचत नाही. तू धर वर.