अख्खी गल्ली दारात उभी आहे

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या व्यापारी संघाचे सर्वेसर्वा भाऊसाहेब, व्यासपीठावरचे मतदार नोंदणी अधिकारी साहेब, आणि चहाच्या वासाने आधीच चुळबुळ करू लागलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

भाऊसाहेबांनी मला हे घड्याळ दिलं आणि म्हणाले, "औषधवाले, नोंदणीची सेवा पुष्कळ केलीत, आता विश्रांती घ्या." किती गोड! म्हणजे माझ्या दुकानातलं नोंदणीचं टेबल उचलायचं, तेही टाळ्या वाजवून. मी एवढा दूधखुळा वाटलो का तुम्हाला?

घडलं ते सांगतो. समोरच्या गल्लीतल्या घरांना नंबर नाहीत, म्हणून सगळ्यांची पत्रं माझ्या दुकानात येतात. अर्ज भरताना इस्त्रीवाल्या काकू म्हणाल्या, "दादा, पत्र येतं तोच पत्ता ना?" सगळ्यांनाच ते पटलं. अख्ख्या गल्लीचा पत्ता पडला माझं दुकान! मग साहेबांचा माणूस पडताळणीला आला. गल्ल्यावर आमची ही. त्यानं विचारलं, "इथे कोण कोण राहतं?" ही म्हणाली, "मी, हे आणि मांजर." बिचारी खरं तेच बोलली. झालं! सगळे अर्ज नामंजूर. वर माझ्यावर ठपका, की हा खोटे मतदार घुसवतो. भाऊसाहेब, तो ठपका संघावर येईल या भीतीनं तुम्ही मला आज निरोप देताय, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

काकूंचे केस पांढरे झाले, पण त्यांनी एकदाही मत दिलेलं नाही. मला म्हणाल्या, "दादा, मेल्यावर यादीतून नाव कमी करतात म्हणे. माझं आधी लागू तर द्या." मला रडू आलं. मग राग आला, तो अजून उतरलेला नाही.

साहेब, आम्ही ज्याच्या त्याच्या घराची खूण लिहून खऱ्या पत्त्यानिशी नवे अर्ज दिले. तुमचं कार्यालय म्हणतं, घरं पाहायला पाठवायला माणूस नाही. मुदत तर उद्या संपते. अहो, तुमच्या अंगातला हा कडक शर्ट काकूंच्याच हातचा! कपडे न्यायला तुमच्या शिपायाला त्यांचं दार बरोबर सापडतं, आणि पडताळणीला सापडत नाही?

हे घड्याळ मी परत ठेवतो. टेबल हलणार नाही. दुकान माझं आहे; संघातून काढायचं तर खुशाल काढा.

माझ्यासाठी वेळ काढलात, आभारी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं सांभाळून घ्या. आणि साहेब, चहा जरा थांबू द्या. रस्त्यापलीकडे गल्लीतली सगळी माणसं कामं टाकून आपापल्या दारात उभी आहेत. काकूंचं निळं दार पहिलंच. चला, मी येतो तुमच्याबरोबर.