वरची फरशी

नाही नाही, तसा जोर नका लावू — तो नळ आधी जरासा वर उचलायचा आणि मग फिरवायचा. हां, अस्सा. नाहीतर अख्खा हातात येतो. वॉशर गेलाय हो, दुसरं काही नाही. मुख्य कॉक बंद करायचा, पान्याने नळाचं डोकं खोलायचं, जुना वॉशर काढून नवा बसवायचा, झालं — मी स्वतः करते. करते म्हणजे, करायचे. आता घरच विकायचंय म्हटल्यावर कोण त्या नळाच्या मागे लागतंय? पण तुम्हाला सांगून ठेवलेलं बरं. आमचा दलाल म्हणतो, वहिनी, तुम्ही गिऱ्हाइकाला नुसता चहा द्या, बोलू नका, तुम्ही तोंड उघडलं की गिऱ्हाईक पळतं. आता खोटं बोलू का मी? राहणार तुम्ही, आणि मागून उचक्या मला लागणार. चहा घ्याल ना? नको? बरं.

या इकडे, हे स्वयंपाकघर. सिंक तुंबतं — म्हणजे ज्याच्या घरी चूल पेटते त्याचं सिंक तुंबणारच, त्यात लाज कसली. पण ती पुडीतली जळजळीत पावडर ओतू नका, पाइपच खाते ती. खाली बादली ठेवायची आणि हा कोपरासारखा वाकडा भाग दिसतोय ना, तो हातानेच फिरवायचा, सुटतो. आतून जे काही निघतं ते बघायला मात्र काळीज घट्ट पाहिजे. तसंच संडासाच्या टाकीचं. रात्रंदिवस पाणी वाहत असेल तर घाबरायचं नाही, झाकण काढून आतल्या गोळ्याला एक टिचकी मारायची — अडकतो तो, म्हाताऱ्या माणसासारखा, एक हाक मारली की चालायला लागतो. हे सगळं मला ह्यांनी शिकवलं. आमचे हे बाहेर गेलेत. घर बघायला कुणी येतंय म्हटलं की पायांत चपला सरकवतात आणि निघतात. आणि ह्यांना शिकवलं दादांनी — दादा म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ, माझे दीर. दोघांनी मिळून बांधलं हे घर, खाली आम्ही, वर ते. सुट्टीच्या दिवशी दोघं भाऊ पाइपला आटे पाडत बसायचे, मी आणि जाऊबाई वाळू चाळायचो. गवंडी म्हणाला, दोन घरं आहेत तर पाण्याचे पाइप वेगळे टाका. दादा म्हणाले, वेगळे कशाला? आम्ही काय वेगळे आहोत? एकच उभा पाइप टाका भिंतीतून. तो एकच आहे अजून.

तुम्ही वर बघताय. मला वाटलंच बघाल. थेंबांखालचं ते पातेलं मी मुद्दामच उचललं नाही, हे तर म्हणत होते लपव म्हणून, पण छत कुठे लपवू? हो, ओल आहे. रंग चार-चारदा दिला, पोपडे धरतातच. वरच्या बाथरूमच्या फरशीखाली जोड निखळलाय — खालून काहीही केलंत तरी व्यर्थ, सिमेंट लावा, डांबर फासा, पाणी आपली वाट शोधतंच. वरूनच फोडायला हवं. प्लंबरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अर्ध्या तासात. मग वर का गेलो नाही? गेलो ना! हे गेले की वर. पण दादांनी नुकतीच नवी फरशी बसवली होती, गुळगुळीत, पांढरी, हौसेने आणलेली. ते म्हणाले, माझी फरशी फोडायची नाही, पाणी तुमच्याच पाइपातनं येत असेल. हे म्हणाले, पाणी खालून वर चढतं का दादा? तेही हसून नव्हे, जरा तिरकंच म्हणाले. आणि मग शब्दाला शब्द. सख्खे भाऊ हो, एका ताटात जेवलेले — एका ठिबकणाऱ्या जोडावरून! माझ्या फोडणीत टप टप पाणी पडतंय, आणि वरून चालण्याचा आवाज आला की हे दात खातायत.

आणि मग ह्यांनी एक दिवस वरचं पाणी बंद केलं. वर जाणाऱ्या पाण्याचा कॉक खाली आहे ना आमच्याकडे, जिन्याखाली. म्हणाले, बघू दे त्यांना पाण्याशिवाय कसं वाटतं, आपोआप येतील खाली. रागाच्या भरात माणूस — वाईट नाहीत हो ते, तुम्ही भेटाल तेव्हा बघाल, मुंगी बाजूला करून पाय टाकतील. पण सासूबाई वर होत्या. अंथरुणाला खिळलेल्या, सगळं जागेवरच. त्यांची आई हो, दोघांचीही! ह्यांच्या डोक्यातच आलं नाही ते. आणि नेमकं त्या दिवशी सासूबाईंचं पोट बिघडलेलं. जाऊबाई शेजारून बादल्या भरभरून जिना चढत होती. मी ते बघितलं आणि माझी बादली घेऊन धावले. अर्ध्या जिन्यात गाठलं तिला. तिने बादली घेतली माझ्या हातातून — मला वाटलं, चला, घेतली — आणि तिथेच पायरीवर ओतली. सगळी. पाणी माझ्या पायावरून खाली गेलं. म्हणाली, तुमच्याकडचं पाणी नको आम्हाला. ती शेवटची बोलली माझ्याशी. माझी जाऊ. माझ्या बाळंतपणात माझ्या उशाशी जागलेली बाई. ह्यांना कळलं तसे उठले, कॉक उघडला, परत येऊन भिंतीकडे तोंड करून निजले. सासूबाईंनी पुढे फार दिवस काढले नाहीत. म्हणजे त्यामुळे नव्हे — वय झालं होतं. त्यामुळे नव्हेच. पण त्या होत्या तोवर हे वर जाऊ शकले नाहीत ते नाहीतच. सासूबाईंना शेवटचं खाली आणलं तेव्हा दोघांनी दोन टोकं धरली, एकमेकांकडे न बघता.

बघा, कुठून कुठे गेले मी. दलाल उगाच बोलत नाही. आता म्हणाल, बाई विकायला बसलीय की अडवायला? विकायचंच आहे हो. ह्यांना आता तो जिना नजरेसमोर नको. दादांना झटका आला ना मधे — वाचाच गेली, उजवा हातही गेला. ह्याच दारावरून नेलं त्यांना खाली, खुर्चीत बसवून, आणि हे पडद्यामागे उभे. मी म्हटलं जा की, म्हणे आता काय बोलू, ते तर बोलायचेच नाहीत. आता ते लेकीकडे असतात. जाऊबाई अधूनमधून येते, कुलूप उघडते, जाते. कपडे न्यायला येत असेल. मी आपली दार किलकिलं करून बघते. माझं म्हणणं एवढंच, तुम्ही परके आहात, तुमच्याशी तिचं काही वाकडं नाही. तुम्ही नीट बोललात तर ती वरची फरशी फोडू देईल. तुमची गळती थांबेल आणि —

काय म्हणालात?

वरचं बघून आलात? कधी? काल? नाही, तुमची काहीतरी गल्लत होतेय, वरचं विकायला नाही. जाऊबाईंनीच दाखवलं? आमच्याच दलालाने आणलं? हो का. म्हणजे कपडे न्यायला नव्हती येत ती. आणि तुम्ही दोन्ही मजले — बरं. बरं झालं की. चांगलंच आहे. एकाच मालकाचं असलं की कटकट नाही. उभा पाइप काढून टाकणार? दोन्ही नवे? हो, तसंच करा. किती दिवस लागतील म्हणाला तुमचा माणूस? एका दिवसात?

एका दिवसात.

नाही, काही नाही, डोळ्यात पोपडा गेला असेल. तुम्ही बोला. वरची फरशी कशी? पांढरी आहे, ठाऊक आहे मला — कोपऱ्यात काय? कोपऱ्यात फरशी नाही? नुसतं सिमेंट थापलंय, ओबडधोबड? मग तुम्ही विचारलंत तिला. काय म्हणाली? नीट सांगा हो, जसंच्या तसं सांगा — कुणी फोडली म्हणाली?

दादांनी. स्वतः.

सासूबाई गेल्या त्यानंतर. हो, आठवतं मला, दुपारभर घणाचे आवाज येत होते. हे म्हणाले, बघ, मुद्दाम ठोकतायत, आपल्याला त्रास द्यायला. आणि ते जोड उघडा करून बसले होते? "धाकटा येऊन जोडेल, त्याचा हात चांगला आहे" — असं म्हणायचे? आणि तोवर दोघं नवराबायको स्वयंपाकघराच्या मोरीत अंघोळ करायची, म्हणजे खाली गळू नये म्हणून? अहो, खरंच नव्हतं गळत तेव्हा! छत कोरडं पडलं होतं. मी म्हटलं, ऊन कडक आहे म्हणून सुकलं असेल. कोरड्या छताखाली उभं राहून आम्ही त्यांना नावं ठेवत होतो. मग एक आवाज द्यायचा ना खाली! एक निरोप! ठोकल्यावर कळेल असं वाटलं असेल त्यांना. भाऊ आहे, ऐकेल, येईल. वाट बघून बघून दिलं बुजवून. आणि आमच्याकडे परत टपटप सुरू झाली.

नाही, बसत नाही मी. ठीक आहे मी. ह्यांना सांगू म्हणता? काय सांगू? की दादा हत्यारं काढून तुमची वाट बघत बसले होते? मग हे जातील, आज जातील, अनवाणी धावत जातील लेकीकडे — आणि त्या खुर्चीसमोर उभे राहतील. तो माणूस माफ केलं म्हणू शकत नाही, शिवी देऊ शकत नाही. मग घरी येऊन हे कुणाकडे तोंड करून निजतील? आता ह्यांना निदान रागाचा तरी आधार आहे. तोही काढून घेऊ?

फाटक वाजलं. तेच असतील. हे बघा, तुम्ही घर घ्या, दोन्ही मजले घ्या, काय फोडायचं ते फोडा, मी कुणाला अडवणार नाही. पण ह्यांच्यासमोर फरशीचा शब्द काढू नका, तुम्हाला हात जोडते. नाही, थांबू नका. ओळखबिळख नंतर. मागच्या दाराने या तुम्ही. इकडून. या.