लग्नात सोडलेला हात

काय सांगू ताई तुम्हाला, सांगण्यासारखं नाहीच हे, पण विचारलंत म्हणून सांगतो. मी भगवान, नरडाण्याजवळच्या खेड्यातला. बाप दुसऱ्याच्या वावरात राबला, मी कारखान्यात पोती शिवायच्या मशीनवर लागलो, आणि लग्न झालं ते पहूरकडच्या सुमनशी. तिचा बाप झोकांड्या खात चालायचा, गाव त्याला बेवडा म्हणायचं, आणि मीसुद्धा हसलोय ताई, जावई असून हसलोय. त्या माणसाने आयुष्यात थेंब घेतला नव्हता.

चाळिशी ओलांडली तशी सुमन पण तशीच चालायला लागली. जीभ जड, भाकरी मोडायला गेली की हात थरथरायचा. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान मेंदू वाळत चाललाय, घराण्यातून आलंय, यावर औषध नाही. पण एक नवी गोळी आहे, अजून बाजारात आलेली नाही, आम्ही ती तपासतोय, घेता का? खरी गोळी मिळेल का नुसती तशी दिसणारी, बिनऔषधाची, ते मलाही कळणार नाही, आणि जे होईल ते बठ्ठं, अगदी सगळं, खरं सांगायचं. सुमनने वेडीवाकडी सही केली, आणि खरं सांगायचं कबूल मी केलं.

तिथे व्यायामाच्या मॅडम होत्या, पोरसवदा, पण कडक. त्यांनी सुमनला शिकवलं, पाय फाकवून टाकायचे, वळताना आधी थांबायचं. आणि मला म्हणाल्या, दादा, घराबाहेर यांचा हात सोडायचा नाही, एक पाऊलसुद्धा नाही. दवाखान्यात धरायचो की, तिथे कोण ओळखीचं? पण आमच्या गावात बायकोचा हात धरून चालायचं म्हणजे, अहो, आमच्याकडे नवराबायको बाजाराला निघाले तरी दहा पावलं मागेपुढे. मी अंगणातच धरायचो, तेही फाटक लावून. तरी फरक पडत होता हं! सहा महिन्यांत ती चहा न सांडता कप हातात द्यायला लागली. गोळीने का व्यायामाने, देव जाणे.

मग चुलतभावाच्या पोरीचं लग्न आलं. मांडवात शिरताना हात धरलेला होता मी, खोटं नाही सांगत. पंगतीतून एकजण ओरडला, दखा रे, भगवान बायकोना हात धरीसन चाली ऱ्हायना! दुसरा म्हणे, नवी नवरी शे का भो? सगळी पंगत हसली. आणि मी हात सोडला ताई. सटकन सोडला, चुकून धरला असल्यासारखा, आणि मीही हसलो, हसत हसत दोन पावलं पुढे गेलो. मागे ती पडली. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कशा पडल्या, चक्कर आली होती का, नीट सांगा, गोळीने झालं असेल तर आम्हाला कळलं पाहिजे. आणि मी नालायक, मी म्हणालो, हो, न्हाणीत चक्कर आली. लग्नातलं सांगायची लाज वाटली. सुमनकडे पाहिलं, तर तिनेही मान हलवून हो म्हटलं, माझी अब्रू झाकली तिने. त्याच दिवशी गोळी बंद झाली.

ऑपरेशन झालं, पण खाटेवर पडून पडून जमवलेलं सगळं गेलं. कप धरणं गेलं, बोलणं अजून अडखळलं. मला जेवण जाईना. दिवाळीनंतर एकटाच धुळ्याला गेलो आणि सांगून टाकलं. बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या लिहीत राहिल्या, मग म्हणाल्या, बरं केलंत, बाकीच्या पेशंटसाठी हे कळणं गरजेचं होतं, पण सुमनताईंना आता गोळीच्या तपासणीत परत घेता येणार नाही.

आता ती धरून धरून परत चालायला लागलीय, तर रोज संध्याकाळी मी तिला गल्लीतून मारुतीच्या देवळापर्यंत नेतो. भर रस्त्याने, हात धरून. हसेनात का कोणी, माझी आता कशाला ना नाही. पण समोरून कोणी येताना दिसलं की तीच हात ओढून घेते. सोडा, लोके देखतस, म्हणते. देखू दे म्हणतो मी, रोज म्हणतो, पाया पडायचं बाकी ठेवलंय. ती ऐकत नाही. माझा हात टाकून शेजारच्याची भिंत धरते, आणि माणूस पुढे जाईपर्यंत तशीच उभी राहते.