घमघमणारी बादली

लेक : आई, खरं सांग, या बादलीत तू काय घालतेस?

आई : सालं, देठं, खरकटं. गावकऱ्यांकडून जे मागतेस तेच. आता माझ्यावरही पहारा का?

लेक : मग हा वास कसला?

आई : फिनेलचा! आपल्याच नाही, गल्लीतल्या सगळ्या बादल्यांत रोज ओतते. बघ, कशी घमघमतेय!

लेक : अगं आई! आठवडाभर मी बायोगॅसच्या टाकीभोवती घिरट्या घालतेय. गॅस होत नाही, इंजिन फिरत नाही, गावात वीज नाही. सगळे नळ खोलून बघितले. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

आई : स्वच्छच केलं ना? बिघडवलं काय?

लेक : टाकीतले जंतू कचरा खातात, तेव्हा गॅस होतो. त्यांनाच तू विष घातलंस.

आई : अगं बाई! मला वाटलं, जंतू म्हणजे मारायचेच असतात.

लेक : रविवारच्या ग्रामसभेपर्यंत दिवे लागले नाहीत तर टाकी भंगारात आणि परत डिझेलचा जनरेटर. पण तुला हे सुचलं तरी कुठून?

आई : शेजारीण म्हणाली, "एवढी शिकली आणि लोकांचं खरकटं उपसते." झोंबलं मला. म्हटलं, निदान तुझ्या हाताला घाण लागायला नको.

लेक : म्हणजे तुलाही लाजच वाटते.

आई : लाज? दवाखान्यात तुझा पहिला दिवा लागला, त्या दिवशी मी तीनदा जाऊन आले. नुसता दिवा बघायला. नर्सबाई विचारतात, काय दुखतंय? सांगू काय? म्हटलं, गुडघा. गोळ्या घेऊन घरी आले!

लेक : मला कधी बोलली नाहीस ते.

आई : तोंडावर कौतुक केलं की पोरं डोक्यावर बसतात. ते राहू दे. आता उपाय सांग.

लेक : टाकी थोडी उपसायची आणि ताजं शेण कालवून ओतायचं. शेणात तेच जंतू असतात. लगेच केलं तर रविवारपर्यंत गॅस धरेल.

आई : गवळ्याकडे असेल. दे ती पाटी.

(आई पाटी उचलते.)

लेक : मीही येते. आणि मागच्या वाटेने जाऊ. बाजारात गर्दी आहे, डोक्यावर शेण बघून लोक हसतील.

आई : मी बाजारातूनच जाणार. बघू देत की, कोणाची आई चाललीय ते.